चुकलेली मिति

व्यापाऱ्याच्या कीर्दींतील कोणतीहि नोंद घेतली तरी तिचीं अंगें तीनच असतात: रक्कम किती, ती कोणाच्या खात्याची आणि कोणत्या दिवसाची. पहिल्या दोन अंगांवर सर्वांची नजर असते. सुटे पैसे कमी आले तर घरचें लहान मूलहि सांगतें. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यांत गेली तर दुसरे दिवशीं दारांत तक्रार उभी राहते. तिसऱ्या अंगाकडे मात्र, म्हणजे दिनांकाकडे, फारसें कोणी पाहत नाहीं. रक्कम बरोबर आहे, खातें बरोबर आहे, मग ती मार्चांत लिहिली काय किंवा एप्रिलांत लिहिली काय, पैसे तर कोठें गेले नाहींत ना, असें समाधान मानणारे सद्गृहस्थ आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. हें समाधान खोटें आहे, आणि आमच्या नगर जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर फार महाग पडणारें आहे. तें कसें, आणि चुकीच्या वर्षांत किंवा महिन्यांत पडलेली नोंद कशी सुधारावी, हें आज वाचकांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

आपल्या जुन्या पत्रांवर व हुंड्यांवर दिनांकास ‘मिति’ म्हणत. या शब्दाचा धात्वर्थ मोजणें असा आहे. मिति म्हणजे माप. ज्या नोंदीची मिति चुकली तिचें मापच चुकलें, हा अर्थ शब्दांतच बसलेला आहे.

वर्ष म्हणजे कोणतें वर्ष, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आमचा जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहमदनगर बदलून अहिल्यानगर झालें, ऊस, दूध आणि सहकारी संस्था यांचा जिल्हा होय. तेथील एकाच शेतकऱ्याच्या घरांत किती वर्षें नांदतात तें पाहा. पंचांगांतील शालिवाहन शकाचें वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस लागतें. व्यापाऱ्याच्या चोपडीचें वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेस लागतें. तलाठ्याचें महसुली वर्ष १ ऑगस्टपासून ३१ जुलैपर्यंतचें. साखरेचा हंगाम १ ऑक्टोबरपासून ३० सप्टेंबरपर्यंतचा. आणि सरकारचें आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतचें. तें या देशांत १८६७ सालापासून रूढ आहे. प्राप्तिकरासाठीं व्यापाऱ्यांस पूर्वीं दिवाळी ते दिवाळी असें वर्ष धरण्याची मुभा होती. ३१ मार्च १९८९ रोजीं संपलेल्या वर्षापासून ती गेली आणि सर्वांना मार्चअखेरचाच हिशेब द्यावा लागूं लागला. दिवाळीस वहीपूजन अजून होतें, परंतु खरी परीक्षा मार्चअखेरीची असते.

इतक्या वर्षांच्या सीमा जेथें एकमेकींस छेदतात तेथें नोंद सीमेच्या अलीकडे पडली कीं पलीकडे, यावर माणसाचें नफानुकसान अवलंबून राहतें. या जिल्ह्यास हा धडा एकदां फार कडू रीतीनें मिळालेला आहे.

मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली आणि त्यांच्या वह्या व कर्जरोखे काढून जाळले. हें लोण लवकरच नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें या भागांत पसरलें. या दंग्यांचीं कारणें अनेक होतीं. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सावकारांनीं हात आखडता घेतला, आणि नव्या आकारणीनें शेतसारा वाढला. परंतु लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याचें आयुष्य तीन वर्षांचें ठरविलें होतें. हेतु असा कीं, व्याज अमर्याद वाढूं नये. प्रत्यक्षांत तीन वर्षें भरतांच सावकार थकलेलें व्याज मुद्दलांत घालून नवा रोखा लिहून घेई. दरमहा शेंकडा दोन रुपये दरानें शंभर रुपये कर्ज काढलें असें धरा. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये होतें. नवा रोखा १७२ रुपयांचा. पुढील तीन वर्षांनीं तो जवळजवळ २९६ रुपयांचा. तेंच सरळ व्याजानें सहा वर्षांचें देणें २४४ रुपये झालें असतें. मधले ५२ रुपये केवळ तारखा बदलल्यामुळें उत्पन्न झाले. ज्यास वाचतां येत नव्हतें त्यानें आपण केव्हां काय घेतलें व केव्हां काय फेडलें हें पाहावयाचें कोठें? वही सावकाराची, लेखणी सावकाराची, मितिहि सावकाराची.

सरकारनें चौकशी-कमिशन नेमलें आणि त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस साह्य देण्याचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू केला. त्यांतील तीन गोष्टी आमच्या विषयास लागून आहेत. शेतकऱ्याचे रोखे गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावे. फेडीबद्दल त्यास पावती, हिशेबाचा उतारा व मागितल्यास खातेपुस्तक मिळावें. आणि न्यायाधीशानें शेवटच्या रोख्यावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन आरंभापासूनचा हिशेब पाहावा. शेवटचा आंकडा पुरेसा नाहीं, तो कोणत्या पायऱ्यांनीं तेथवर आला हें दिसलें पाहिजे, हें तत्त्व या कायद्यानें आमच्या जिल्ह्यांत दीडशें वर्षांपूर्वींच मान्य केलें होतें.

आतां सावकाराची जागा बऱ्याच अंशीं सहकारी संस्थांनीं घेतली आहे. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचें गाळप १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झालें, आणि त्यानंतर कारखाने, सेवा सोसायट्या, पतसंस्था व दूध संस्था यांचें जाळें जिल्हाभर विणलें गेलें. या संस्थांच्या वह्याहि आतां संगणकांत गेल्या आहेत. जून २०२२ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे ज्या सेवा सोसायटींत सचिव लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडून बसे, तेथें आतां तो पडद्यासमोर बसतो.

वहीस एक अंगभूत शिस्त होती. रोजकीर्द शिवलेली असे, पानांस आंकडे असत, एका दिवसाची शिल्लक काढून रेघ मारल्याशिवाय दुसरा दिवस लिहितां येत नसे. पांच दिवसांपूर्वींची विसरलेली रक्कम मागील पानावर घुसडावी तर जागा नसे, आणि घुसडलीच तर शाईचा रंग व दाटी लेखकाचें पाप सांगे. म्हणून ती रक्कम आजच्या पानावर, ‘अमुक मितीची राहिलेली’ असें नमूद करून लिहावी लागे. संगणकांत पान नाहीं, रेघ नाहीं. दिनांक हा केवळ एक रकाना आहे. त्यांत कोणताहि आंकडा भरतां येतो, आणि सॉफ्टवेअर मुकाट्यानें ती नोंद त्या जागीं नेऊन बसवितें.

चूक होते ती बहुधा लबाडीनें होत नाहीं. तिचे मार्ग साधे आहेत. बाजारांत सर्वपरिचित असलेल्या टॅलींत पडद्यावर जो चालू दिनांक दिसतो तो आजचाच असतो असें नाहीं. सामान्यतः तो शेवटीं केलेल्या नोंदीचा असतो. कारकुनानें ३१ मार्चचीं कामें संपवून दुसऱ्या दिवशीं एफ-२ ही कळ दाबून दिनांक बदलला नाहीं, तर एप्रिलच्या पावत्या मार्चांत जाऊन बसतात. जानेवारींत वर्षाचा आंकडा जुनाच लिहिण्याची हाताची संवय असते, त्यामुळें एक रक्कम बारा महिने मागें जाते. कधीं मार्चचें बिल एप्रिलांत हातीं येतें आणि हातीं आल्या दिवशींच लिहिलें जातें. या सर्वांच्या मुळाशीं एकच गोंधळ आहे. व्यवहार घडला तो दिवस, कागद मिळाला तो दिवस आणि नोंद केली तो दिवस, हे तीन दिवस निराळे असूं शकतात, हें कारकुनास कोणी शिकविलेलें नसतें.

या गोंधळाचा भार कोणावर पडतो तें तीन उदाहरणांनीं पाहूं.

पहिलें उदाहरण पीककर्जाचें. केंद्र सरकारच्या व्याज-सवलत योजनेनुसार २०२५-२६ या वर्षीं पीककर्जास शेंकडा ७ व्याज होतें आणि वेळेवर फेड करणाऱ्यास त्यांत शेंकडा ३ ची आणखी सूट होती. एका शेतकऱ्यानें एक लाखाचें कर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशीं, सायंकाळीं, सोसायटींत रोख भरलें. सचिवानें पावती दिली, पण संगणकांत नोंद दोन दिवसांनीं केली आणि दिनांकहि त्या दिवसाचाच पडला. पैसे तेवढेच, खातें तेंच. तरीहि कागदोपत्रीं हा गृहस्थ थकबाकीदार ठरतो आणि वर्षभराचें कर्ज असेल तर त्याची ३,००० रुपयांची सूट जाते. पुढील कर्जाच्या वेळीं त्याच्या नांवापुढें लागलेला डाग तो वेगळाच.

दुसरें उदाहरण उसाचें. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांच्या आंत किमान दर न दिल्यास उशिराच्या दिवसांवर शेंकडा १५ दरानें व्याज द्यावें लागतें. वजनकाट्यावर २८ मार्चला ऊस तोलला असेल तर १४ दिवस ११ एप्रिलला भरतात. तीच नोंद १० एप्रिलच्या दिनांकानें चढली तर मुदत २४ एप्रिलपर्यंत लांबते. एक लाख रुपयांवर त्या १३ दिवसांचें व्याज सुमारें ५३४ रुपये होतें. शिवाय ही खरेदी आर्थिक वर्षाची सीमा ओलांडून पुढील वर्षांत जाते, हंगाम मात्र तोच राहतो. म्हणून वजनपावतीवरील दिनांक हाच खरा. नोंदीचा दिनांक सोयीचा.

तिसरें उदाहरण दूध संस्थेचें, आणि दुरुस्तीची रीत याच्याच आधारें सांगूं. पुष्कळ ठिकाणीं दुधाचें बिल दहा दिवसांनीं होतें. समजा, मार्चच्या शेवटच्या टप्प्याचें बिल ४,८०,००० रुपये झालें आणि तें ५ एप्रिलला बँकेंतून चुकतें केलें. लेखनिकानें त्याच दिवशीं ‘दूध खरेदी नांवें, बँक जमा’ अशी नोंद केली. त्या दुधाची विक्री मार्चांत जमा धरली आहे, खरेदी मात्र एप्रिलांत गेली. परिणाम असा कीं, सरत्या वर्षाचा नफा ४,८०,००० रुपयांनीं फुगला आणि येणाऱ्या वर्षाचा तेवढाच आटला. फुगलेल्या नफ्यावर लाभांश वांटला जाईल. जो सभासद मार्चअखेर संस्था सोडून गेला तो अधिक घेऊन जाईल, आणि राहिलेल्यांच्या वांट्यास तूट येईल. पैसे कोणी खाल्ले नाहींत, तरी एकाचे दुसऱ्याकडे गेले.

आतां ही चूक सुधारावी कशी? सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जुनी नोंद उघडावी, दिनांक बदलावा, आणि बंद करावी. एक क्षणाचें काम. पण एप्रिलांत बँकेंतून गेलेली रक्कम मार्चांत गेल्याचें त्यानें दिसूं लागेल व बँकेच्या उताऱ्याशीं मेळ बसणार नाहीं. एक चूक झांकण्यासाठीं दुसरी केल्यासारखें होईल. योग्य रीत अशी आहे. ३१ मार्चच्या दिनांकानें ‘दूध खरेदी नांवें ४,८०,०००, दूध उत्पादकांचें देणें जमा ४,८०,०००’ अशी नोंद करावी. नंतर एप्रिलांत ‘दूध उत्पादकांचें देणें नांवें, दूध खरेदी जमा’ अशी तेवढ्याच रकमेची नोंद करावी. खरेदी आपल्या वर्षांत गेली, बँकेची रक्कम आपल्या जागीं राहिली, मूळ नोंदीस हात लागला नाहीं. प्रत्येक नोंदीखालीं ती कां केली हें एका ओळींत लिहावें व अधिकाऱ्याची संमति घ्यावी.

हें झालें वर्ष अजून उघडें असतां. वर्ष बंद केलें आहे पण हिशेब-तपासणी व्हावयाची आहे, अशा वेळीं संचालक मंडळाच्या किंवा मालकाच्या लेखी संमतीनें, तपासनीसास कळवून, तेवढ्या नोंदीपुरतें वर्ष उघडावें व लगेच पुन्हां कुलूप लावावें. परंतु तपासणी पुरी झाली, ताळेबंद छापला गेला, आणि वार्षिक सभेनें तो मंजूर केला, म्हणजे तें वर्ष सिद्ध झालें. त्यास पुन्हां स्पर्श करूं नये. कारण सॉफ्टवेअरमध्यें मागील वर्षांतील एक नोंद हलली कीं त्या वर्षाची अखेरची बाकी हलते, त्याबरोबर चालू वर्षाची आरंभींची बाकी हलते, आणि सभासदांच्या हातांतील छापील ताळेबंद व संगणकांतील ताळेबंद हे दोन निरनिराळे ग्रंथ होतात. अशा वेळीं दुरुस्ती चालू वर्षांतच करावी. आमच्या उदाहरणांत ‘मागील वर्षाचा खर्च नांवें, दूध खरेदी जमा’ अशी नोंद होईल, आणि नफा-तोटा पत्रकांत ती रक्कम स्वतंत्र ओळींत, कारणासह दिसेल. हिशेबाच्या मानदंडांतहि मागील काळाच्या बाबी अशाच वेगळ्या दाखविण्यास सांगितलें आहे. नव्या मानदंडांखालीं येणाऱ्या मोठ्या कंपन्या, चूक मोठी असल्यास, तुलनेसाठीं दिलेले मागील वर्षाचे आंकडे सुधारून छापतात. पण तसें केल्याचें त्याच अहवालांत सांगतात.

वस्तु व सेवा कराच्या विवरणांतहि हेंच तत्त्व आहे. करभरण्याचें मासिक विवरण एकदां दाखल झालें कीं तें मागें जाऊन बदलतां येत नाहीं. चूक पुढील महिन्याच्या विवरणांत दुरुस्त करावी लागते. त्यासहि सीमा आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारा ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधीं वार्षिक विवरण दाखल केलें असेल तर तो दिवस.

आमच्या पंचांगकर्त्यांनीं हा प्रश्न फार पूर्वीं सोडविला आहे, असें आम्हांस वाटतें. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, सौर वर्ष सुमारें ३६५ दिवसांचें. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते, आणि ती भरली नाहीं तर दिवाळी हळूहळू पावसाळ्यांत येईल. पंचांगकर्त्यांनीं मागील महिन्यांचे दिवस ओढून-ताणून ही तूट लपविली नाहीं. साधारण साडेबत्तीस महिन्यांनीं एक जादा महिना धरला आणि त्यास ‘अधिक’ असें उघड नांव दिलें. शके १९४५ मध्यें, म्हणजे २०२३ सालीं, अधिक श्रावण आला तेव्हां घरोघरीं लहानथोरांस ठाऊक होतें कीं हा दुरुस्तीचा महिना आहे. मागील तिथि जशीच्या तशी राहिली, दुरुस्ती आजच्या जागीं झाली, आणि तिचें नांव सर्वांनीं वाचलें. हिशेबाची दुरुस्ती याहून निराळी असूं नये.

सरकारासहि हें पटलेलें दिसतें. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांस असेंच हिशेबाचें सॉफ्टवेअर वापरावें लागतें कीं ज्यांत प्रत्येक फेरफाराची, तो केव्हां झाला या दिनांकासह, नोंद आपोआप राहील आणि ती बंद करतां येणार नाहीं. संगणकांस हरवलेली शाई व रेघ या नियमानें परत मिळाली. सहकारी संस्था कंपनी नसल्यामुळें हा नियम त्यांस बांधीत नाहीं. पण नियम बांधीत नसला तरी शहाणपण बांधतें. संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्यें अशी सोय असल्यास ती चालू ठेवा, मागील काळास कुलूप घाला, आणि त्या कुलपाची किल्ली नोंद करणाऱ्याच्याच हातांत देऊं नका, असा आग्रह धरण्याचा अधिकार सभासदास आहे.

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं कोणी ना कोणी पतसंस्थेचा संचालक, कारखान्याचा सभासद किंवा हिशेबनीस असेल. त्यांनीं थोड्याच गोष्टी कराव्या. पैसे भरतांना पावतीवर दिनांक पडला आहे कीं नाहीं हें तेथेंच पाहावें आणि पावती जपून ठेवावी. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांत खातेपुस्तक भरून घेऊन मार्चच्या शेवटच्या आठवड्यांतील नोंदींचे दिनांक पावत्यांशीं ताडून पाहावे. चूक तेव्हां सांपडली तर पुष्कळदां एका अर्जानें सुटते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा व्हावी लागते. त्या सभेस जातांना मागील वर्षाचा अहवाल बरोबर न्यावा, आणि त्यांतील अखेरची बाकी व यंदाची आरंभींची बाकी या दोन आंकड्यांवर बोट ठेवून पाहावें. ते जुळत असतील तर निमूटपणें चहा घ्यावा. जुळत नसतील तर उभें राहून कारण विचारावें.

आणि जो मुलगा किंवा जी मुलगी त्या पडद्यासमोर बसून नोंदी करते, तिच्यावर या प्रसंगीं ओरडूं नये. चुकीबद्दल शिव्या मिळणार अशी भीति असली कीं मनुष्य चूक सुधारीत नाहीं, पुसतो. जेथें चूक सांगणाऱ्यास शाबासकी मिळते तेथेंच उलट नोंद लिहिली जाते. शंभर रुपयांच्या रोख्याचे २९६ रुपये कसे झाले हें १८७५ सालच्या शेतकऱ्यास वहींत वाचतां आलें नाहीं, म्हणून त्यानें वही जाळली. आजच्या शेतकऱ्यास तें वाचतां यावें, एवढ्यासाठीं ही सगळी खटपट आहे.